लेथखालचा कीस: विकायचा, दाबायचा की वितळवायचा?

बडोद्याच्या मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया या पट्ट्यातल्या छोट्या शेडमध्ये बार मोजून आत येतो, जॉब मोजून बाहेर जातो आणि मशीनवर कापताना पडणारा धातूचा कीस मात्र अंदाजपंचे. भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, चुंबक फिरवतो, ‘भेज बहुत है’ (ओल फार आहे) म्हणत वजनात कट मारतो, नोटा मोजतो आणि निघतो. त्याच मालातून पुढे कोणी इंगॉट (धातूचा ठोकळा) ओततो, कोणी रंगाच्या कारखान्याला भुकटी पुरवतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. किसाची किंमत भट्टीत ठरत नाही, मशीनखालच्या डब्यात ठरते. भट्टीचा विचार सगळ्यात शेवटी करायचा आणि बहुतेक शेडना तो करायची गरजही पडत नाही. म्हणून हा लेख डब्यापासून सुरू होतो.

पहिलं काम: कीस किती निघतो ते काढा

काट्यावर चढण्याआधी कागदावर हिशेब होतो. गोल पोलादी बारचं मीटरला वजन काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतंच: व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२. चाळीस मिलिमीटरच्या बारचं मीटरला ९.८८ किलो येतं. शंभर मिलिमीटरचा तुकडा कापला तर ९८८ ग्रॅम. तयार जॉब ६५० ग्रॅमचा असेल तर प्रत्येक नगामागे ३३८ ग्रॅम कीस. महिन्याला पाच हजार नग असतील तर जवळपास १.७ टन, आणि पार्टिंगची (तुकडा कापताना जाणारी) जाडी व बारची शेपटं वेगळी.

हा आकडा धातूनुसार काढा: साधं पोलाद किती, बीड (कास्ट आयर्न) किती, ॲल्युमिनियम किती, पितळ किती. भंगाराच्या पावत्यांशी ताडून पाहा. पावतीतलं वजन कागदापेक्षा जास्त दिसलं तर तुम्ही कुलंट (कापताना थंडाव्यासाठी सोडतात ते तेल-पाणी) विकताय, कमी दिसलं तर काटा तपासा किंवा रात्रपाळीकडे लक्ष द्या.

पुढचे सगळे निर्णय या तक्त्यावर होतात. महिन्याला पन्नास किलो ॲल्युमिनियम निघत असेल तर भट्टीचा भाग नुसता माहिती म्हणून वाचा. तेवढ्यासाठी मूस तापवणं म्हणजे गॅस जाळणं.

डबे वेगळे, आणि कायमचे वेगळे

मिसळलेला कीस पुन्हा वेगळा करणं जवळजवळ अशक्य असतं. चुंबकाने लोखंड निघतं, पण ६०६३ (एक्स्ट्रुजनचा मिश्रधातू) आणि एलएम६ (ओतकामाचा) हे दोन्ही ॲल्युमिनियमच. एकदा एका डब्यात पडले की कोणताही माणूस किंवा चुंबक ते निवडू शकत नाही.

लोखंडाची किती भीती बाळगायची, याचं एक गणित करून पाहा. ६०६३ या मिश्रधातूत लोह ०.३५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तुमच्या मालात आधीच ०.२ टक्के आहे असं धरू. शंभर किलोत फक्त २०० ग्रॅम पोलादी कीस वितळून गेला की लोह ०.४ टक्के झालं आणि माल बाद. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळलेलं लोह छोट्या भट्टीत काढता येत नाही, शुद्ध धातू घालून पातळ करता येतं एवढंच. डायकास्टिंगच्या एडीसी१२ मध्ये मात्र लोह १.३ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणून थोडा बिघडलेला माल शेवटी तिकडे खपतो, पण भाव उतरूनच.

व्यवस्था साधी ठेवा. प्रत्येक मशीनच्या चिप ट्रेखाली एक डबा आणि डब्याला धातूचा रंग. पाटी मराठीत लिहून उपयोग नाही, आणि खरं तर गुजरातीत लिहूनही नाही: ऑपरेटर बिहारचा, हेल्पर पंचमहालचा, सुपरवायझर दांडिया बाजारचा मराठी. रंग सगळ्यांना वाचता येतो. बारच्या टोकाला जो रंग मारता तोच डब्याला मारा, म्हणजे वेगळं शिकवावं लागत नाही.

मशीनवर धातू बदलताना चिप ट्रे, कन्व्हेअर आणि कुलंटच्या टाकीची जाळी झाडून घ्यायची. हीच पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते, कारण सेटिंगची घाई असते. शक्य असेल तर ॲल्युमिनियम आणि पितळ ठरावीक मशीनवरच चालवा.

स्टेनलेसबद्दल एक खोच लक्षात ठेवा. ३०४ चा बार चुंबकाला चिकटत नाही, पण त्याचा कीस थोडाफार चिकटतो, कारण कापताना पडणाऱ्या ताणामुळे धातूची अंतर्गत रचना अंशतः बदलते. चुंबकाला लागला म्हणून तो साध्या पोलादाच्या डब्यात टाकला तर आठ टक्के निकेल लोखंडाच्या भावात गेलं. ३१६ मध्ये दहा टक्क्यांच्या वर निकेल आणि दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याचा डबा ३०४ पेक्षाही वेगळा हवा.

बाजारात लांब वेटोळ्यांना टर्निंग म्हणतात आणि बारीक तुकड्यांना बोरिंग. पोलादाची वेटोळी घनमीटरला दोनशे ते चारशे किलोच भरतात, तर भरीव पोलाद ७,८५० किलो. टेम्पोत तुम्ही बहुतांशी हवा पाठवता. इन्सर्टचा (हत्याराच्या टोकावरच्या कापणाऱ्या तुकड्याचा) चिपब्रेकर आणि फीड नीट बसवला तर कीस मशीनवरच तुटून पडतो, वेगळ्या क्रशरची गरज कमी होते आणि ऑपरेटरचे हातही वाचतात.

साठवण: पाऊस आणि आग

बिडाचा किंवा पोलादाचा बारीक, तेलकट, ओला कीस ढिगात पडून आपोआप तापतो. लोखंड गंजताना उष्णता सोडतं, ढिगाच्या पोटातून ती बाहेर निघत नाही, आणि तेल पेट घेतं. जहाजवाहतुकीत अशा मालाला संयुक्त राष्ट्रांचा धोकादायक माल क्रमांक २७९३ दिलेला आहे, वर्ग ‘आपोआप पेटणारे पदार्थ’. त्यामुळे ढीग छातीएवढा उंच करू नका, वरून हात लावून ऊब बघत जा आणि शेजारी चिंध्या किंवा लाकडी पेट्या ठेवू नका. बंद टाकीत किंवा खोलीत गंजणारा कीस हवेतला ऑक्सिजनही खाऊन टाकतो, अशा जागेत माणूस एकदम आत उतरवायचा नाही.

ॲल्युमिनियमची बारीक भुकटी, मॅग्नेशियम आणि टायटॅनियम यांची आग पाण्याने विझत नाही, भडकते. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर जवळ ठेवा. मॅग्नेशियम आणि टायटॅनियमचा कीस आपल्याकडे वितळवायच्या भानगडीत पडूच नका.

साठवणीचा ओटा जमिनीपासून उंच, वर पत्रा, उतार एका कुंडीकडे, म्हणजे निथळणारं कुलंट गोळा होईल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं ते ज्यांच्या लक्षात आहे त्यांना ओटा उंच का, हे सांगायला नको. पुराच्या पाण्यात भिजलेला, गाळ बसलेला कीस स्वतः वितळवू नका, तसा सांगून विका.

तेल आणि ओल काढणं

ताज्या किसात वजनाच्या दहा-वीस टक्के कुलंट सहज असतं. आधी नुसतं निथळू द्या: जाळीच्या तळाचा ट्रॉली-डबा, एक रात्र. फुकटातली ही पायरी निम्मं काम करते. त्यानंतर मोठी शेड असेल तर चिप रिंगर, म्हणजे कपड्यांच्या ड्रायरसारखं वेगाने फिरणारं सेंट्रिफ्यूज. त्यातून ओल दोन टक्क्यांच्या आसपास उतरते. निघालेलं कुलंट गाळून, वरचं तरंगतं तेल काढून, रिफ्रॅक्टोमीटरने तीव्रता तपासून पुन्हा टाकीत घालता येतं. कुलंट कॉन्सन्ट्रेटचा डबा आज काय भावाने येतो ते पाहिलं तर रिंगरचा खर्च कुठून निघतो ते कळेल.

शुद्ध तेलावर चालणाऱ्या ऑटो लेथचा कीस डिटर्जंटच्या गरम पाण्यात धुवावा लागतो. ॲल्युमिनियमसाठी कॉस्टिक सोडा अजिबात वापरायचा नाही, धातू विरघळतो आणि हायड्रोजन निघतो. धुण्याचं पाणी गटारात सोडायचं नाही, ते सांडपाणी प्रक्रियेला जायला हवं.

ओल मोजायची पद्धत: एक किलो नमुना ढिगाच्या आतून घ्या, वरून नको. एकशे दहा अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. जेवढं उतरलं तेवढं पाणी. (ओव्हन वर्कशॉपचा. घरातला केकचा नव्हे.) ही चिठ्ठी हातात असली की भंगारवाल्याशी ‘भेज’वरचा वाद दोन मिनिटांत संपतो.

दाबून वडी करणं

ब्रिकेट प्रेस म्हणजे हायड्रॉलिक दाबाने किसाची घट्ट वडी करणारं यंत्र. ॲल्युमिनियमची वडी घनसेंटिमीटरला दोन ते २.४ ग्रॅम भरते, म्हणजे भरीव धातूच्या २.७ च्या बरीच जवळ. बिडाची पाच-साडेपाचपर्यंत जाते. दाबताना उरलेलं कुलंटही पिळून निघतं.

वडीचे फायदे दोन. वाहतूक स्वस्त होते आणि भट्टीत जळणारा धातू कमी होतो, कारण हवेला उघडा पृष्ठभाग घटतो. लांब वेटोळी मात्र प्रेसला चालत नाहीत, आधी क्रशर लागतो. एकट्या शेडला प्रेस परवडत नसेल तर गल्लीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा. अट एकच: प्रत्येकाचा धातू वेगळा दाबायचा आणि मध्ये हॉपर झाडायचा. भागीदारी मोडते ती पैशावरून कमी, या झाडण्यावरून जास्त.

ॲल्युमिनियम वितळवायचं असेल तर

इथे सावकाश वाचा. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला तर त्याची वाफ सुमारे १,६०० पट जागा मागते आणि रस छतापर्यंत उडतो. ओला कीस, ओला चमचा, गंजलेला किंवा थंड साचा, खाली उघडं काँक्रीट: अपघाताची कारणं एवढीच आणि सगळी टाळण्यासारखी. भट्टीभोवती कोरड्या वाळूचा थर, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, चामड्याचे गेटर, सुती जाड कपडे. सिंथेटिक शर्ट अंगावर चिकटतो. आणि हे काम भट्टीवर आधी काम केलेल्या माणसाच्या हाताखालीच सुरू करायचं.

सैल कीस रिकाम्या तापलेल्या मुशीत टाकला तर तो वितळत नाही, जळतो. प्रत्येक तुकड्यावर ऑक्साइडची पातळ साल असते, आतला धातू वितळला तरी साल फुटत नाही आणि तुकडे एकजीव होत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा.

मुशीचा तिसरा हिस्सा त्याच मिश्रधातूच्या स्वच्छ इंगॉटने भरून वितळवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं; हा रस ७२० ते ७४० अंशांवर आणा, थर्मोकपल बुडवून मोजा. रंगावरून अंदाज करू नका, ॲल्युमिनियम त्या तापमानाला उजेडात लाल दिसतच नाही.

कीस किंवा वड्या भट्टीच्या कडेला १२० ते १५० अंशांपर्यंत तापवून पूर्ण कोरड्या करा. थोडा थोडा घाला आणि छिद्रांच्या, लेप दिलेल्या, तापवलेल्या दांड्याने रसाच्या पृष्ठभागाखाली दाबून धरा. वर तरंगू दिला की गेला. तापमान पडलं की थांबा, चढू द्या, मग पुढचा घास. ७६० च्या वर नेऊ नका: जास्त उष्णतेने धातू जळतो आणि हायड्रोजन शोषतो.

वर फ्लक्सचं पांघरूण लागतं. साधं मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड जवळपास समभाग, त्यात थोडं क्रायोलाइट, हा त्याचा गाभा. बाजारात तयार कव्हरिंग फ्लक्स मिळतो. मिश्र क्षार ऑक्साइडची साल सोडवतात आणि रसाचे थेंब एकत्र येतात. इंगॉट वितळवताना लागतो त्यापेक्षा किसाला फ्लक्स बराच जास्त लागतो. तो उघड्या पोत्यात ठेवू नका, पावसाळ्यात पाणी ओढतो.

कीस संपला की मळी बाजूला करून वाळवलेला नायट्रोजन ग्रॅफाइटच्या नळीतून तळापासून सोडा, हायड्रोजन बुडबुड्यांबरोबर निघून जातो. क्लोरीन सोडणाऱ्या गोळ्या अजूनही विकल्या जातात, पण पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा धूर फुप्फुसांना परवडणारा नाही. मग पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवून, मळी काढून, सातशेच्या आसपास ओता. साचे १५० ते २०० अंशांपर्यंत तापवलेले, ग्रॅफाइटचा लेप दिलेले, गंज नसलेले. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि तो गरम ॲल्युमिनियमशी थर्माइटसारखा भडकू शकतो.

प्रत्येक मुशीतून एक नाणं ओतून स्पेक्ट्रो चाचणीला (कोणता धातू किती टक्के ते सांगणाऱ्या) पाठवा. मॅग्नेशियम आधी जळतं, त्यामुळे ६००० मालिकेच्या किसात ते हमखास कमी येतं, वरून भर घालावी लागते. चाचणीचा कागद नसलेला इंगॉट भंगाराच्याच भावात जातो, मग एवढा घाम कशाला गाळायचा?

उत्पन्नाचा अंदाज असा करा. शंभर किलो ओल्या किसात दहा किलो ओल असेल तर नव्वद उरले. वितळताना आठ टक्के गेले तर हातात सुमारे ८३ किलो. कीस सैल आणि तेलकट असेल तर हेच नुकसान पंधरा टक्क्यांच्या पुढे जातं. गॅस, मूस, फ्लक्स, मजुरी, चाचणी हे या ८३ किलोंवर वाटा आणि स्वच्छ कोरड्या किसाच्या विक्रीभावाशी तुलना करा. ॲल्युमिनियमच्या बाबतीत जगाच्या हिशेबात एक मोठी बचत खरी आहे: बॉक्साइटपासून धातू करायला लागते त्याच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत जुना धातू पुन्हा वापरात येतो. पण ती बचत तुमच्या वहीत दिसेलच असं नाही.

वहीत दिसते ती आपल्याच वापराची बचत. फिक्स्चरच्या पाट्या, सॉफ्ट जॉ, नमुना जॉबचे ठोकळे हे आपण बाहेरून विकत घेतो. ते घरच्या इंगॉटवर निघतात आणि त्यांना काटेकोर रासायनिक मर्यादा लागत नाही. भांडी मात्र ओतू नका. कोणत्या मिश्रधातूत शिसं, जस्त, तांबं किती गेलं याची खात्री नसलेल्या धातूत अन्न शिजवायचं नसतं.

मळी बाहेर पावसात टाकू नका. तिच्यातलं ॲल्युमिनियम नायट्राइड पाण्याशी भेटलं की अमोनिया सुटतो, शेजारची शेड तक्रार करेल ती वेगळीच. थंड, कोरडी, झाकलेली ठेवून अधिकृत पुनर्वापरकर्त्याला द्या, त्यात धातू बराच शिल्लक असतो.

पितळ

पितळाचा कीस शक्यतो वितळवू नका, बदलून घ्या. गुजरातेत जामनगरचा पितळ उद्योग आहे, बार ओढणारे कीस घेऊन त्याबदल्यात बार देतात आणि फरकाचे पैसे घेतात. स्वच्छ, एकाच ग्रेडचा, लोखंडविरहित कीस असेल तर हा व्यवहार भंगारापेक्षा चांगला पडतो.

वितळवायचाच असेल तर पितळ साधारण ९०० ते ९४० अंशांना वितळतं आणि जस्त ९०७ अंशांना उकळतं. म्हणजे ओतायच्या तापमानाला जस्त पांढऱ्या धुराने निघून जात असतं. कोळशाच्या भुकटीचं आणि टाकणखाराचं पांघरूण, जोरदार धूर-ओढ, आणि तोंडाला योग्य मास्क. हा धूर श्वासातून आत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, भट्टीवाले तो अंगवळणी पाडून घेतात. तुम्ही पाडून घेऊ नका. सहज कापता यावं म्हणून बारच्या पितळात दोन-तीन टक्के शिसं घातलेलं असतं. समई ओतली तर हरकत नाही, तांब्या-भांडं नको.

बिडाचा कीस: बडोद्याचं खरं गिऱ्हाईक

बीड बहुतेक वेळा कोरडंच कापलं जातं, कारण त्यातलं ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं. त्यामुळे हा कीस तेलविरहित मिळणं सोपं आणि इथेच पैसा आहे.

पहिला रस्ता फाउंड्रीचा. कोरडी वडी इंडक्शन (विजेच्या) भट्टीत किंवा क्युपोलात (कोकवर चालणाऱ्या उभ्या भट्टीत) चार्जचा एक हिस्सा म्हणून जाते. ग्रेड सांगून विका: एफजी २०० चा कीस आणि एफजी २६० चा कीस फाउंड्रीवाल्याला सारखा नसतो, आणि तांबं-क्रोमियम असलेलं मिश्र बीड तर वेगळंच.

दुसरा रस्ता कमी लोकांना ठाऊक असतो: रंगांची मध्यवर्ती रसायनं करणारे कारखाने. १८५४ मध्ये अंत्वान बेशां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रो संयुगांना लोखंडाच्या साहाय्याने अमाइनमध्ये बदलायची रीत दाखवली. नायट्रोबेंझिनचं ॲनिलिन होतं ते असं. मोठे ॲनिलिन कारखाने केव्हाच हायड्रोजनवर गेले, पण रंगांच्या मध्यवर्ती रसायनांत लोखंडाची ही रीत अजून चालू आहे, गुजरातेतही. आणि तिला लागतो नेमका मऊ करड्या बिडाचा बारीक कीस, कारण त्यातलं ग्रॅफाइट आणि लोखंड मिळून लहान लहान विद्युत-घटासारखे वागतात आणि अभिक्रिया वेग धरते. समीकरण मांडलं तर एक किलो नायट्रोबेंझिनला जवळपास एक किलो लोखंड लागतं. म्हणजे खप टनांत.

बडोद्याला हे नवं वाटायला नको. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तिचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर रंगरसायनाचेच माणूस, आणि तिथे रंगाई शिकवली जायची. १९०७ मध्ये अलेंबिक ही रसायन-औषधांची कंपनी उभी करणाऱ्यांत अमीन आणि गज्जर यांच्याबरोबर आपले कोटिभास्कर होते. लेथ आणि रसायन या शहरात शेजारी राहतात, एकमेकांचा कचरा मात्र दलालामार्फत घेतात.

या गिऱ्हाइकाला माल द्यायचा तर: तेल शून्याच्या जवळ, पोलाद-ॲल्युमिनियमची भेसळ नाही, आणि मागितलेल्या जाळीतून चाळलेला. जाड कीस बॉल मिलमध्ये दळतात, बीड ठिसूळ असल्याने ते सहज होतं. दळताना धूळ बंदिस्त ठेवा. आधी पाच किलो नमुना द्या, त्यांची प्रयोगशाळा पास करील ती प्रतवारी लिहून घ्या आणि पुढे तीच टिकवा. या क्रियेतून उरणारा काळा लोह-ऑक्साइड गाळही वाया जायलाच हवा असं नाही: १९२५ च्या सुमारास लाउक्स या रसायनशास्त्रज्ञाने क्रिया अशी बदलली की ॲनिलिनबरोबर रंगद्रव्याच्या दर्जाचा लोह-ऑक्साइड मिळावा.

तिसरा उपयोग आपल्याच आवारात होतो: जड काँक्रीट. काउंटरवेट, यंत्राचा पाया, गेटचं वजन. सिमेंट एक, वाळू एक, बारीक बिडाचा कीस दोन, मापाने, पाणी बेताचं. नेहमीचं काँक्रीट लिटरला सुमारे २.४ किलो भरतं, हे तीनच्या पुढे जायला हवं. लिटरच्या डब्यात भरून वजन करा. कीस तेलकट असेल तर सिमेंट धरत नाही. लांब वेटोळी घालू नका, गोळे होतात. बाहेरून वीस-पंचवीस मिलिमीटर साध्या मसाल्याचा थर द्या, नाहीतर गंजाचे ओघळ उमटतात. घराच्या स्लॅब-बीममध्ये हा प्रयोग करायचा नाही. आणि ॲल्युमिनियमचा कीस काँक्रीटमध्ये चुकूनही नको: सिमेंटच्या अल्कलीशी तो हायड्रोजन सोडतो आणि ठोकळा फुगतो. एएसी ब्लॉक (भिंतीचे सच्छिद्र ठोकळे) हलके होतात ते ॲल्युमिनियम पावडरच्या याच करामतीने.

चौथा रस्ता हिराकशीचा. लोखंड आणि विरळ सल्फ्युरिक आम्ल मिळून फेरस सल्फेट. किलोभर लोखंडातून जवळपास पाच किलो स्फटिक. सांडपाण्यातलं क्रोमियम उतरवायला, पाणी निवळायला त्याचा खप आहे. पण त्याच किलोमागे चारशे लिटरहून अधिक हायड्रोजन सुटतो. हे शेडमधल्या पिंपात करायचं काम नाही, रसायनवाल्याला कीस विका. मिश्र पोलादाचा कीस त्यात नको, क्रोमियम-निकेल उतरतं, आणि शेतात जाणाऱ्या हिराकशीत तर अजिबात नको.

पोलाद

साध्या पोलादाचा कीस तोडून, कोरडा करून, दाबून इंडक्शन भट्टीवाल्याला. यापेक्षा हुशारी करण्यात फार हशील नाही.

न वितळवता

ॲल्युमिनियमचा स्वच्छ कीस थंड दाबून बिलेट करायचा आणि ४५० ते ५०० अंशांना गरम एक्स्ट्रुजनमधून काढायचा, अशीही रीत आहे. डायमधून जाताना ऑक्साइडची साल फाटते, ताजा धातू धातूला चिकटतो, आणि जळून जाणारा हिस्सा वाचतो. मॅक्स स्टर्न यांनी १९४५ मध्ये याचं अमेरिकन पेटंट घेतलं. एक्स्ट्रुजन प्रेस शेडवाल्यांकडे नसतो, पण एम. एस. युनिव्हर्सिटीच्या धातुशास्त्र विभागातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हा विषय सुचवण्यासारखा आहे. एका मिश्रधातूचा, कोरडा, तोलून दिलेला कीस त्यांना कोणी देत नाही, तो द्या.

गाळ आणि इन्सर्ट

ग्राइंडिंगचा गाळ म्हणजे पोलादाची धूळ, दगडाचे कण, फिल्टर पेपर आणि तेल. तो किसात मिसळून वजन वाढवायचा मोह सोडा: फाउंड्रीवाला एकदा फसेल, दुसऱ्यांदा तुमचा चांगला मालही परत पाठवेल. झिजलेले कार्बाइड इन्सर्ट वेगळ्या बंद डब्यात ठेवा. टंगस्टन आणि कोबाल्ट असल्याने किलोमागे भाव किसाच्या कित्येक पट असतो, आणि ते गोळा करून वितळत्या जस्तात ठेवले की जस्त कोबाल्टमध्ये शिरून कार्बाइड मोकळं करतं. मग जस्त उडवून दिलं की भुकटी पुन्हा वापरता येते. हे मोठ्या प्लँटचं काम, आपलं काम फक्त ते झाडूबरोबर जाऊ न देणं.

कागद

वापरलेलं तेल आणि तेलयुक्त अवशेष हे घातक कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत ५.१ आणि ५.२ क्रमांकाला आहेत. तेलकट गाळ नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचा, आणि जाताना मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा नोंद-फॉर्म) भरायचा. भट्टी लावायची तर आधी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. जुन्या संमतीपत्रात मशीनिंग लिहिलं आहे म्हणून भट्टी चालत नाही.

जीएसटीत पोलाद-बिडाचा कीस ७२०४ खाली, तांबं-पितळ ७४०४, ॲल्युमिनियम ७६०२. दर १८ टक्के. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारात दोन गोष्टी बदलल्या. विकणारा नोंदणीकृत नसेल आणि घेणारा असेल तर कर घेणाऱ्याने भरायचा. दोघेही नोंदणीकृत असतील आणि सौद्याची रक्कम अडीच लाखांवर असेल तर घेणारा दोन टक्के टीडीएस कापतो. ती रक्कम जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या कॅश लेजरमध्ये दिसते का, ते दर महिन्याला पाहायचं. बिल करताना कीस धातू आणि ग्रेडप्रमाणे वेगवेगळ्या ओळींत लिहा, सोबत ओलीची चिठ्ठी आणि काट्याची पावती जोडा. ‘मिक्स स्क्रॅप’ अशी एकच ओळ लिहिली तर घेणारा त्या गाडीतल्या सगळ्यात स्वस्त धातूचा भाव लावतो.